चंद्र काढलेली पुडी

मित्रांनो, मी एक जुनं काळीज आहे. अडुसष्ट वर्षांचं, मुठीएवढं, कारंजा लाडच्या जतनबाईंच्या छातीत डाव्या अंगाला जरा तिरपं बसलेलं. बाईचं काळीज आहे म्हणून बाईसारखीच बोलते, आणि जतनबाईंचं आहे म्हणून गोड बोलत नाही. पटलं तर ऐका.

माझ्या अंगावर एक डाग आहे. अर्ध्या सुपारीएवढा. त्या डागापायी मी सध्या फार भ्यालेली असते. सकाळी बाई अंथरुणातून उठतात तेव्हा भिते, जिना चढतात तेव्हा भिते, आणि पंचांगात पर्युषण जवळ आलं की सगळ्यात जास्त भिते. तो डाग कसा पडला आणि तो माझी चाल कशी चुकवतो, ते आज मी तुम्हाला सांगणार आहे. जिनं सांगायला पाहिजे होतं तिनं तीन वर्षं कोणाला सांगितलं नाही, म्हणून मला सांगावं लागतं.

माझा जन्म मेडशीचा. जतनबाई आईच्या पोटात होत्या, त्यांना हात नव्हते, पाय नव्हते, तेव्हाच मी धडधडायला लागले. नाक माझ्यानंतर आलं. पण बाप्पा, मागून येऊन ते असं वर चढून बसलं की आजपर्यंत खाली उतरलेलं नाही. माझ्या दुखण्याचं मूळ कोणी विचारलं तर मी त्या नाकाकडे बोट दाखवीन.

मेडशीला वडिलांचं किराणा दुकान होतं. पोरीला तिसरीपर्यंत शाळेत घातलं आणि काढलं. आकडे पक्के येतात, साधी अक्षरं जुळवता येतात. जोडाक्षर आलं की बाई थांबतात आणि म्हणतात, "चष्मा घरी राह्यला." चष्मा डोळ्यांवरच असतो. पण त्यांना ते सांगायची हिंमत कोणाची?

लग्न होऊन त्या कारंजाला भागचंदजींच्या घरी आल्या. खाली धान्याचं दुकान, वर घर, मधे चौदा पायऱ्यांचा जिना. त्या पायऱ्या पायांनी चढल्या असं लोक समजतात. चढवल्या मी. बाजार समितीला सुटी असते, शाळेला असते, दुकानालाही अमावस्येला असते. मला नाही. दिवसाचे लाखभर ठोके, आणि त्यातला एकही उद्यावर टाकता येत नाही.

भागचंदजी गेले तेव्हा मुलगा श्रेयांस कॉलेजात होता. पंधरा दिवसांनी जतनबाई पदर खोचून दुकानाच्या गादीवर जाऊन बसल्या. हमाल, अडते, गिऱ्हाईक, सगळ्यांना एका आवाजात सरळ केलं. तेव्हा बाजारात म्हणत, "जतनबाईचं काळीज वाघाचं हाय." ऐकलं ना? काम माझं आणि नाव वाघाचं. तरी मी खूश झाले. तेवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

बाकी अवयवांचे लाड पाहा. गुडघ्यांना तेल, कंबरेला शेक, डोळ्यांचं ऑपरेशन, दातांची नवी कवळी. मला कोणी विचारलं नाही की बाई गं, तू कशी आहेस? मी दुखत नव्हते, म्हणून मी नव्हतेच.

भागचंदजी गेले त्याच वर्षी बाईंनी साध्वीजींपुढे हात जोडून जन्मभराचा नियम घेतला. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आम्हा जैनांत याला चौविहार म्हणतात. आपल्याकडचा वैशाख तुम्हाला माहीत आहे, रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. त्यातही बाईंनी नियम मोडला नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही. खोटं कशाला बोलू, या गोष्टीचा मलाही अभिमान आहे. मी त्यांचीच आहे शेवटी.

आता त्या दुपारकडे येते.

तीन वर्षांपूर्वीचं पर्युषण. बाईंनी अठाई धरली होती, म्हणजे आठ दिवस अन्न नाही, दिवसा नुसतं उकळून गार केलेलं पाणी. याआधी चार अठाया झाल्या होत्या, ही पाचवी. सहाव्या दिवशी दुपारी त्या दुकानातून वर निघाल्या. दहा पायऱ्या मी चढवल्या. अकराव्या पायरीवर मला रक्त पुरवणारी एक नळी आतून बंद पडली. छातीवर कोणी ज्वारीचं पोतं टाकावं तसं झालं. डावा खांदा भरून आला, अंगाला दरदरून घाम सुटला. बाई तिथंच बसल्या.

मागून कस्तुराबाई येत होत्या, शेतातले मूग पोचवायला. त्या इंझोरीच्या शेतकरणी. तीस वर्षं दर उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर पापड लाटायला येतात आणि जतनबाईंना तोंडावर "शेटाणी" म्हणून चिडवणाऱ्या जगात त्या एकट्याच.

"काय झालं वं शेटाणी? तोंड असं पांढरं काहून पडलं?"

"काही नाही. पित्त चढलं."

"पित्तानं एवढा घाम येते? थांब, श्रेयांसले हाक मारतो."

"खबरदार! दोनच दिवस राह्यले. डॉक्टर आला का पह्यले सलाईन लावते. मंग सारं कारंजा म्हनीन, जतनबाईची अठाई मोडली."

"मोडली तं मोडली. जीव मोडला तं काय करशीन?"

"तुले नाही समजत त्यातलं. कोणाले सांगशीन, तं आपलं बोलणं बंद. तीस वर्सांचं बंद."

कस्तुराबाई गप्प बसल्या. त्यांनी पदरानं वारा घातला, पण त्या गप्प बसल्या. मी आत जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण माझी भाषा दुखण्याची, आणि दुखण्याचं नाव बाईंनी पित्त ठेवून टाकलं होतं.

अठाई पूर्ण झाली. पारण्याच्या दिवशी बाईंना हार घालून फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये बसवलं, पुढे बँड, मागे बायका गाणी म्हणत. लोक वाकून नमस्कार करत होते. माझा एक तुकडा तीन दिवसांपूर्वीच मेला होता, आणि मी उरलेल्या अंगानं ती मिरवणूक काढत होते.

मित्रांनो, हाताला तव्याचा चटका बसला की कातडी मरते आणि तिथं वण येतो. माझंही तसंच झालं. मेलेला स्नायू परत येत नाही. शरीर त्या जागी चिवट, पांढरट ठिगळ लावतं. ठिगळ वाईट नाही. ते लागलं नसतं तर मी तिथं फाटले असते. पण ठिगळाला दोन कामं येत नाहीत. त्याला आकसता येत नाही, आणि आलेला निरोप पुढे देता येत नाही.

निरोप म्हणजे काय, ते पापडाच्या गच्चीवर या म्हणजे कळेल. समजा, गच्चीवर बायकांची दाटीची बैठक आहे. एका टोकाला मुकादमीण बसली आहे. ती म्हणते, "हं!" शेजारची बाई पापड लाटते आणि पुढचीला म्हणते "हं". मग ती क्षणभर दम खाते, आणि दम खाताना तिला काही ऐकू येत नाही. असा तो "हं" बायकांबायकांतून एकदाच या टोकाहून त्या टोकाला जातो आणि तिथं संपतो. मग मुकादमीण नवा देते. माझ्या वरच्या कोपऱ्यात अशी एक मुकादमीण आहे. मिनिटाला सत्तर वेळा ती "हं" म्हणते. तुम्ही त्याला ठोका म्हणता. खरं तर ती विजेची बारीक लहर असते.

आता त्या बैठकीच्या मधोमध दगड ठेवून द्या. तो माझा डाग. "हं" दगडातून जात नाही, बाजूनं वळसा घालून जातो. पण दगडाच्या फटीत काही अर्धमेल्या बायका बसलेल्या असतात. त्या निरोप देतात, पण फार हळू. तो रेंगाळत पलीकडून बाहेर पडतो तोवर तिकडच्या बायकांचा दम खाऊन झालेला असतो. त्यांना वाटतं, नवा हुकूम आला! त्या पुन्हा लाटतात, पुन्हा पुढे देतात. तो निरोप दगडाभोवती फिरून परत फटीत शिरतो, परत बाहेर येतो, आणि गोल गोल फिरत राहतो. मुकादमीण ओरडते, तिला कोणी विचारत नाही. हात भराभर चालतात, पण एक पापड धड होत नाही. म्हणजे मी मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा फडफडते आणि रक्त मात्र पुढे जात नाही.

हा वेढा दोन-चार फेऱ्यांत सुटला तर बाईंना छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं. नाही सुटला, तर काय होईल ते मला ठाऊक आहे. त्याचीच मला धास्ती.

यंदाच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तो वेढा पडला. बाई गच्चीवर उडदाचे पापड लाटत होत्या. मधेच लाटणं थांबलं. डोळ्यांपुढे अंधारी आली.

कस्तुराबाई म्हणाल्या, "शेटाणी, तुह्या हातचा पापड अन् वाकडा? आता डॉक्टरकडं जाय, नाही तं मी उचलून नेतो."

तेव्हा सून चेतना आणि श्रेयांस बाईंना वाशीमला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझा कागदावर आलेख काढला, मग पडद्यावर मला पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी पाहिलं, मित्रांनो. मी लाजले नाही. मी डाग पुढे केला.

"आजी, याआधी कधी छातीत खूप दुखलं होतं?"

"नाही."

"घाम? खांदा भरून येणं?"

"आमचं धान्याचं दुकान हाय. खांदे भरतातच."

डॉक्टरीणबाईंनी चेतनाला पडदा दाखवला. "हा भाग पाहा, हलत नाहीये. झटका कधीतरी येऊन गेलेला आहे. हा त्याचाच जुना डाग."

चेतनानं सासूकडे पाहिलं. "बाई?"

"मशीन जुनी असंन त्यायची," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डाग पुसला जात नाही, पण त्याच्याभोवती फिरणाऱ्या विजेला गोळीनं लगाम घालता येतो. गोळी दिवसातून दोनदा. एकही चुकवायची नाही, कारण चुकली की लगाम सुटला.

खाली औषधाच्या दुकानातल्या माणसानं चिठ्ठी वाचली. बाई चष्मा पुसत बसल्या आहेत हे त्यानं पाहिलं आणि भल्या मनानं दोन कागदी पुड्यांवर पेनानं चित्रं काढून दिली. एकीवर सूर्य, एकीवर चंद्र.

"आजी, सूर्याची सकाळी, चंद्राची रात्री. सोपं हाय."

बाईंनी मान हलवली. इथं सारं फसलं. तो माणूस चुकला नव्हता. डॉक्टरीणबाई चुकल्या नव्हत्या. पण चंद्राची गोळी चंद्र असताना घ्यायची, आणि चंद्र असताना बाईंचं तोंड बंद.

पहिल्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी चेतना पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बाई, गोळी?"

"मी काय कुकुलं बाळ हाय का? माह्या गोळ्या माह्यापाशी. तू आपला कुकर पाह्य."

चेतना समजूतदार मुलगी. दाराशी आलेली माघारी गेली. सासूबाई दिवसाउजेडी गोळी घेत असतील असं तिनं धरून टाकलं. आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग बाईंनी ती गोळी दिवसा का घेतली नाही? त्यांचं गणित सरळ होतं. दिवसा घेतली तर डॉक्टरांचा नियम मोडतो, रात्री घेतली तर आपला. कोणाला विचारावं, तर सून म्हणेल, सासूला साधी पुडी समजत नाही. किंवा सगळे मिळून म्हणतील, आता सोडा तो चौविहार. दोन्ही ऐकायची तयारी नव्हती. तेव्हा रोज चंद्राच्या पुडीतली एक गोळी काढून त्या सुंठेच्या रिकाम्या डब्यात टाकू लागल्या. पुडी रिकामी होत गेली. बघणाऱ्याला वाटावं, औषध चालू आहे.

सकाळची गोळी मला संध्याकाळपर्यंत सांभाळायची. पुढे मी उघडी पडायची. पहाटे बाई सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसायला, उठल्या की पाखरू फडफडायचं. त्या दाराची चौकट धरून उभ्या राहायच्या, ओठांत नवकार मंत्र. त्या मंत्र मोजायच्या, मी फेऱ्या मोजायची. तीन फेऱ्या. पाच फेऱ्या. एकदा अकरा.

दीड महिन्यानं पुन्हा वाशीम. डॉक्टरीणबाईंनी एक अख्खा दिवस आणि रात्र छातीला लहानसं यंत्र बांधून माझी चाल नोंदली होती. ती पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गोळी चालू असूनही एवढे वेढे? मी डोस वाढवते. तरी थांबलं नाही, तर खांद्याखाली एक मशीन बसवायचा विचार करावा लागेल." मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आजी, दोन्ही वेळा घेताय ना?"

"घेते."

श्रेयांसचा चेहरा उतरला. माझा थरकाप झाला. आता पाहा, गोळी निकामी नव्हती, ती सुंठेच्या डब्यात पडली होती. पण डॉक्टरांना ते माहीत नाही, म्हणून त्या नसलेल्या रोगावर निशाणा धरणार. डॉक्टरीणबाईंनी छातीला ऐकायची नळी लावली तेव्हा मी माझ्याकडून जेवढं येत होतं तेवढं केलं. एक ठोका गाळला.

"हे बघा, आत्ताच एक चुकला," त्या म्हणाल्या. चुकला ते कळलं. का, ते नाही कळलं.

नव्या पुड्या आल्या. पुन्हा सूर्य, पुन्हा चंद्र.

मग श्रावण सरत आला. कस्तुराबाई इंझोरीहून नवे मूग घेऊन आल्या. दुपारची वेळ, स्वयंपाकघरात दोघी सूप घेऊन मूग निवडत होत्या, चेतना कणीक मळत होती. पर्युषणाला चार दिवस होते.

"यंदा सहावी अठाई," बाई म्हणाल्या. "सांगून आली मी स्थानकात, साध्वीजींले."

चेतनाचे हात थांबले. "बाई, डॉक्टरीणबाईनं उपास करू नका म्हणून सांगतलं ना?"

"डॉक्टरीणबाईले काय समजते अठाईतलं?"

"तुह्या काळजातलं तं समजते," कस्तुराबाई पुटपुटल्या.

"तू मूग निवड. खडे तसेच राहून राह्यले तुह्याकडून."

एवढं बोलून बाई झटक्यात उठल्या, आणि वेढा पडला. एक फेरी. चार. दहा. मुकादमीण ओरडत होती, मला ऐकू येत होतं, पण मला तिचं ऐकताच येईना. वीस. तीस. डोक्याकडे रक्त जाईना. सूप उलटलं, साऱ्या फरशीवर मूग झाले, आणि त्यांवर जतनबाई.

"बाई! ओ बाई!" चेतना किंचाळली.

मित्रांनो, तो वेढा आपणहून सुटला. कसा सुटला ते मला आजही सांगता येणार नाही. एक फेरी फटीतच विझली, मधे भयंकर शांतता झाली, आणि मग मुकादमिणीचा आवाज आला, हं. मी तो धरला. घट्ट धरला.

बाईंनी डोळे उघडले. चेतना श्रेयांसला फोनवर गाडी दाराशी आणायला सांगत होती. तोवर चार घोट गरम काहीतरी पाजावं म्हणून कस्तुराबाईंनी सुंठेचा डबा उघडला. सुंठ नव्हती. त्या डबा घेऊन तशाच मुगांवरून चालत आल्या आणि चेतनापुढे धरला.

"हे काय वं? हा डबा भरून गोळ्या हाय."

चेतनानं वाकून पाहिलं. वर एक रिकामी पुडी घडी करून ठेवलेली होती. तिच्यावर चंद्र.

"बाई, ह्या रात्रीच्या हायेत?"

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "रात्री मी तोंड उघडत नाही. मेली तरी उघडणार नाही. सतरा वर्सं झाले."

चेतना कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "नियम कोणी मोडाले लावला तुमाले? एकदा विचारलं असतं! मी तांब्या घेऊन उभी होती ना दारात!"

"तुले विचारू? म्हणजे तू माहेरी सांगायले मोकळी, सासूले पुडी वाचता येत नाही."

"बाई, मी माहेरी हे सांगू, का बाई मुगावर पडून गेल्या, हे सांगू?"

 चेतनानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून डॉक्टरीणबाई बोलल्या.

"आजी, ऐकू येतंय? चंद्राशी माझं काही काम नाही. मला दोन गोळ्यांमध्ये साधारण बारा तास हवेत, बस. सूर्य उगवल्यावर एक, मावळायच्या आधी एक. तुमचा नियम जागच्या जागी राहतो. डब्यातल्या जुन्या गोळ्या फेका, एकदम घेऊ नका. आणि आत्ताच्या आत्ता इकडे निघा. चक्कर येऊन पडलात, हे साधं नाही. आजी, हे आधी का नाही बोललात?"

बाई फरशीवरचे मूग ओंजळीत गोळा करू लागल्या. त्या वेळी कस्तुराबाई पुढे झाल्या.

"शेटाणी, अकराव्या पायरीचं तू सांगतं, का मी सांगू? तीन वर्सांआधी मी गप्प राह्यली, तुह्या बोलण्यापायी. रोज मनात येते, त्या दिवशी मी श्रेयांसले हाक मारली असती तं. आता तू बोलणं बंद कर नाही तं जन्मभर करू नको, मी नाही राह्यत गप्प."

मी थांबले नाही, मला थांबता येत नाही. पण थांबावंसं वाटलं. बाईंनी हात माझ्यावर ठेवला. मला वाटतं, पहिल्यांदाच.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "तुमची मशीन जुनी नव्हती. मी खोटं बोलली. अठाईच्या सहाव्या दिवशी लय दुखलं होतं. घाम आला, खांदा भरला. पित्त नव्हतं ते. मले तेव्हाच माहीत होतं, पित्त नव्हतं."

चेतना त्यांच्याजवळ खाली बसली, मुगांतच.  खाली गाडीचा हॉर्न वाजला.

वाशीमला पाच दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "आता खरी गोळी खऱ्या वेळी चालू होईल. तीन महिने बघू. चाल सुधारली तर ठीक, नाहीतर मशीन बसवू. डाग आहे तिथंच राहणार आहे, हे मात्र विसरू नका." अठाई यंदा नाही. त्यावर बाई दवाखान्याच्या खाटेवरून रोज घासाघीस करत होत्या: आठ नाही तर तीन, तीन नाही तर एक. डॉक्टरीणबाईंनी एकही दिला नाही. पुढच्या वर्षाचं अजून ठरलेलं नाही, आणि मला त्याची आतापासून काळजी लागली आहे.

घरी आल्यावर बाईंनी चेतनाकडे पेन मागितलं. चेतना म्हणाली, "द्या, मी लिहून देतो पुडीवर."

"माहं मी करतो," बाई म्हणाल्या. त्यांनी चंद्रावर काट मारली. खाली एक आडवी रेघ ओढली आणि त्या रेघेवर अर्धा गोल काढला, त्याला किरणं काढली. मावळतीला टेकलेला सूर्य. एक किरण फार लांब गेलं. मग पुडी चेतनाच्या हातात दिली. "तुह्यापाशी ठेव. पाच वाजता आठवण देजो. विसरली तं बोलीन मी."

आता भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ छापलेली असते, ती बाई रोज पाहतात. आकडे त्यांना पक्के येतात. थंडीत सूर्य लवकर जाईल, तेव्हा काय, हेही त्यांनी फोन करून विचारून घेतलं. फोन करून विचारलं! माझा तर विश्वास बसेना.

मित्रांनो, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. डाग गेलेला नाही. त्याच्या फटीत त्या अर्धमेल्या बायका अजून बसलेल्या आहेत, आणि एखादा निरोप कधी रेंगाळेल ते मला सांगता येत नाही. जिन्याच्या अकराव्या पायरीवर मी अजून दचकते. तुमच्या घरीही कोणाच्या छातीत असं एखादं जुनं काळीज असेल. ते स्वतः बोलू शकत नाही, आणि ज्यांच्या छातीत ते असतं त्यांना बोलायला कमीपणा वाटतो. तेव्हा तुम्हीच जवळ जाऊन बसा. पुडीवर काय काढलं आहे ते पाहा, आणि गोळी कुठं जाते तेही पाहा. एकदा हटकलं आणि ते खेकसले, तर माघारी जाऊ नका. दाराशी तांब्या घेऊन पुन्हा उभे राहा.

हे सांगता सांगता पाच वाजले. चेतना पाणी घेऊन आली. खिडकीतून बाजार समितीच्या पत्र्यांवर ऊन अजून पिवळं दिसतं आहे. बाईंनी सूर्याकडे एकदा पाहिलं, गोळी गिळली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय वं, झाली का आता निवांत?"

नाही झाले. पण मुकादमिणीचा "हं" आला, मी दिला. दुसरा आला, तोही दिला. तिसऱ्याची वाट पाहते आहे.

आला.